हब सांगेल तेच चाक

पत्र

सप्रेम नमस्कार. आम्ही ठाण्यात कोलशेतला राहतो. मी, बायको आणि नऊ वर्षांची मुलगी. आमच्या बोलेरोमागे लावायला एक छोटा कॅम्पिंग ट्रेलर घरीच करायला घेतलाय. वागळे इस्टेटमधल्या एका फॅब्रिकेटरकडून सांगाडा करून घेतला, वरची प्लायवूड आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची केबिन मी सुट्टीच्या दिवशी करतोय. आत तिघांची गादी, मागच्या झाकणाखाली छोटं किचन. सामान भरून वजन साडेपाचशे किलोच्या आसपास जाईल. अ‍ॅक्सल जुन्या मारुती ८००चं आहे, मागचं. त्याला स्प्रिंगचे पाटे लावलेत. आता चाकांवर गाडं अडलंय. मित्राने त्याच्या स्विफ्टची १४ इंची अलॉय चाकं टायरसकट फुकट दिली, पण ती हबवर बसत नाहीत. फॅब्रिकेटर म्हणतो, छिद्रं थोडी वाढवून देतो, बसतील. मेव्हणा म्हणतो, सरळ बोलेरोचीच चाकं लाव, म्हणजे एकच स्टेपनी पुरेल. गॅरेजवाला म्हणतो, ८००चीच १२ इंची लाव. पण ती एवढीशी दिसतात, घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत काय टिकणार? पावसाळा संपला की पहिली फेरी भंडारदऱ्याला काढायची आहे. कुणाचं ऐकू?

एक वाचक, कोलशेत

उत्तर

नमस्कार,

आधी एक फोन करा. फॅब्रिकेटरला सांगा की त्या अलॉयच्या छिद्रांना ड्रिल लावायचं नाही. बाकीचं मग निवांत वाचा.

हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या फिरणाऱ्या भागावर, नट चढवायचे चार स्टड, चाकाला चार छिद्रं, म्हणून ‘थोडंच तर अडतंय’ असं वाटणं साहजिक आहे. पण ते थोडं नाही. चारही स्टडच्या मध्यातून जो गोल जातो, त्याच्या व्यासाला गॅरेजमध्ये पीसीडी म्हणतात. मारुती ८००चा पीसीडी ११४.३ मिलिमीटर, जुन्या मापात साडेचार इंच. स्विफ्टचा १००. म्हणजे प्रत्येक छिद्र बाहेरच्या बाजूला सात मिलिमीटर सरकवायचं, आणि स्टडची स्वतःची जाडी आहे १२ मिलिमीटर. गोल छिद्राची लांबट खाच होणार आणि नट जिथे बसतो ती निमुळती बैठक जवळजवळ अर्धी कापली जाणार.

ही बैठक का महत्त्वाची ते सांगतो, कारण बरेच जण समजतात की चाक स्टडवर टांगलेलं असतं. तसं नसतं. नट आवळले की चाकाची डिस्क, म्हणजे छिद्रं असलेला मधला पत्रा, हबवरच्या ब्रेक ड्रमच्या तोंडावर घट्ट दाबली जाते, आणि त्या दाबाने जी पकड तयार होते ती सगळा भार पेलते. स्टडचं काम फक्त ओढून धरण्याचं. नटाचं निमुळतं तोंड बैठकीत चहूबाजूंनी टेकलं तर दाब सारखा राहतो. एका कडेवर टेकलं तर नट कितीही आवळा, थोडं अंतर गेलं की ती कड चेपते आणि नट सैल पडतो. चाक केसभर सरकायला लागतं, स्टड दर फेऱ्याला वाकून सरळ होतो आणि शेवटी तुटतो. एक तुटला की उरलेल्या तिघांवर जास्त ताण.

गाडीत हे होऊ लागलं तर स्टिअरिंग थरथरतं, आवाज येतो, ड्रायव्हरला कुठेतरी खटकतं. ट्रेलरच्या बाबतीत तसं होत नाही, आणि माझी खरी काळजी तीच आहे. बोलेरोच्या सीटवर बसून तुम्हाला मागच्या चाकाचं काहीही कळणार नाही. कसारा घाटात चाक निखळलं तर तुम्हाला कळायच्या आधी ते तुमच्या मागच्या बाइकवाल्याला कळेल. म्हणून ट्रेलरच्या चाकाला कारच्या चाकापेक्षा जास्त काटेकोरपणा लागतो.

फॅब्रिकेटरने मग ‘अ‍ॅडॅप्टर लावू’ असं म्हटलं तर त्यालाही नको म्हणा. अ‍ॅडॅप्टर म्हणजे हबवर एका पीसीडीने बसणारी आणि चाकाला दुसऱ्या पीसीडीने धरणारी जाड चकती. नट दुप्पट झाले, सैल पडण्याच्या जागा दुप्पट झाल्या, शिवाय चाक चकतीच्या जाडीइतकं बाहेर गेलं. चाक बाहेर गेलं की बेअरिंगवरचा मुरडणारा ताण वाढतो. रिमच्या मध्यरेषेपासून डिस्कचं बसायचं तोंड किती आत किंवा बाहेर आहे, त्या मापाला ऑफसेट म्हणतात. हबच्या आतल्या बेअरिंगची मांडणी मूळ चाकाचा ऑफसेट धरून केलेली असते. चाक बाहेर उभं राहिलं की ट्रेलर रुबाबदार दिसतो हे मान्य, पण त्याची किंमत बेअरिंग मोजतं.

स्विफ्टची चाकं मित्राला परत द्या किंवा विकून टाका. चांगली वस्तू आहे, तुमच्या हबची नाही, इतकंच.

आता मेव्हण्यांकडे वळू. त्यांच्या म्हणण्यात दम आहे. दुसऱ्या महायुद्धात जीपमागे जो पाव टनी ट्रेलर लावत, त्याची चाकं मुद्दाम जीपचीच ठेवलेली होती, टायरही तेच, ६.००-१६. पुढचं चाक मागे आणि मागचं पुढे, कुठेही चालायचं. सांगाडा करण्याआधी तुम्ही विचारलं असतं आणि ट्रेलरचं वजन आठशे किलोच्या पुढे जाणार असतं, तर मीही तुम्हाला पाच स्टडचे हब आणि बोलेरोची चाकं असंच सांगितलं असतं.

पण तुमच्याकडे ८००चं अ‍ॅक्सल आहे. बोलेरोला पाच स्टड, पीसीडी १३९.७. त्या चाकासाठी हबच नाही तर अख्खं अ‍ॅक्सल बदलावं लागेल. समजा बदललंत. बोलेरोचं टायर २१५/७५ आर १५, पुढे १०० हा भार निर्देशांक, म्हणजे एक टायर ८०० किलो पेलतं. तुमच्या ट्रेलरचं एका चाकावर येणार अडीचशे किलोपेक्षाही कमी. इतक्या हलक्या ओझ्याखाली ते जाड टायर दबतच नाही, खड्ड्यातून टप्पा घेत उडतं, आणि सगळे हादरे प्लायवूडच्या सांध्यांना आणि किचनमधल्या डब्यांना बसतात. दोन्ही चाकं एकदा हाताने उचलून पाहा, फरक लगेच लक्षात येईल. पाट्यांच्या खाली लटकणारं प्रत्येक किलो ट्रेलरला जास्त उडवतं. आणि उंची? बोलेरोच्या चाकाचा व्यास साधारण ७०४ मिलिमीटर, १२ इंची १४५/८० टायरचा ५३७. केबिनचा तळ आठ सेंटिमीटरहून जास्त वर जाईल. वळणावळणाच्या घाटात आणि खाडीपुलावरच्या आडव्या वाऱ्यात तुम्हाला ट्रेलर जितका खाली बसलेला मिळेल तितका बरा.

थोडक्यात, गॅरेजवाल्याचं ऐका. १२ इंची, चार छिद्रं, ११४.३.

तरी ‘८००चंच अ‍ॅक्सल आहे’ या शब्दावर जाऊन चाकं आणू नका. जुन्या बाजारात हब आणि ड्रम कधी बदललेले असतात ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. मोजून घ्या. ड्रमचं तोंड वायर ब्रशने साफ करा, व्हर्नियर कॅलिपर घ्या आणि समोरासमोरच्या दोन स्टडच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजा. त्यातून एका स्टडची जाडी वजा केली की पीसीडी मिळाला. १२६ च्या आसपास माप आलं आणि १२ वजा केले तर ११४. दुसरी जोडीही मोजा. एखादा स्टड वाकलेला असेल तर दोन मापं जुळणार नाहीत, आणि तो स्टड तिथेच बदलून घ्यायचा. चाकाच्या बाजूने मोजताना समोरासमोरच्या छिद्रांच्या मध्यापासून मध्यापर्यंत. (कधी पाच छिद्रांच्या चाकाशी गाठ पडली तर समोरासमोर छिद्र नसतं. तिथे शेजारच्या दोन छिद्रांमधलं मध्य ते मध्य अंतर घेऊन त्याला ०.५८८ ने भागायचं.)

हे काटेकोरपणे करायला सांगतोय त्याला कारण आहे. जुन्या चाकांच्या ढिगात ‘जवळपास बसणारी’ चाकं सगळ्यात घातक असतात. जुन्या फियाट पॅलिओचा पीसीडी ९८, स्विफ्टचा १००. दोन मिलिमीटरचा फरक, त्यामुळे नट हाताने चढतात, पान्याने आवळलेही जातात, आणि चाक बसलं असं वाटतं. तुमचं स्विफ्टचं चाक बसलंच नाही हे खरं तर बरं झालं.

पीसीडीनंतर मधलं भोक. चाकाच्या मध्यातलं मोठं भोक हबच्या पुढे आलेल्या गोल भागावर सरकून बसायला हवं. तिथे अडलं तर डिस्क ड्रमला चिकटत नाही. मोठं असेल तर चाक मधोमध आणायचं काम एकट्या नटांवर येतं. मग नट आणि स्टडचा आटा. मारुतीचे स्टड १२ मिलिमीटरचे, आटे १.२५ पिचचे, म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर १.२५ मिलिमीटर. ह्युंदाई आणि टोयोटाचे १२ मिलिमीटरचेच, पण १.५ पिचचे. दिसायला सारखे, म्हणून डब्यातला हाताला लागला तो नट लावला जातो. दोन आटे फिरून नट जड लागायला लागला की थांबा. जोर लावून चढवलेला चुकीचा नट स्टडचे आटे कापतो. नट चाकाबरोबरच नवे घ्या, लोखंडी डिस्कसाठी असलेले निमुळत्या तोंडाचे.

रिम लोखंडीच घ्या, हे मी आग्रहाने सांगेन. आपल्या खड्ड्यांत लोखंडी रिमची कड वाकते, आणि वाकलेली कड मुरबाडच्या रस्त्यावरचा पंक्चरवालाही हातोडीने सरळ करून देतो. अलॉयला तडा जातो, आणि त्या तड्याचं रस्त्यावर काहीच करता येत नाही. कुर्ल्याच्या जुन्या बाजारात ८०० आणि ओम्नीची लोखंडी चाकं अजून मिळतात. ८००चं उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबलं, पण १९८३ पासून ती निघत होती, त्यामुळे मालाला तोटा नाही. दोन नको, तीन घ्या. ट्रेलरला स्वतःची स्टेपनी लागणारच.

चाक निवडताना आधी उलटं करून मागची बाजू बघा. नटांच्या छिद्रांभोवती गंजाचे लालसर ओघळ दिसले तर त्या चाकाचे नट पूर्वी सैल राहिलेले आहेत. छिद्र बोटाने फिरवून पाहा, अंडाकृती लागलं तर सोडून द्या. मग डिस्क आणि रिम जिथे वेल्डने जोडलेली असते तो गोल पाहा. रंगात केसासारखी रेघ असेल तर नखाने खरवडा. रेघ रंगाखालीही सुरू राहिली तर तो तडा आहे. शेवटी चाक हबवर चढवून फिरवा आणि सांगाड्याला टेकवून एक पेन्सिल रिमच्या कडेजवळ धरा. पेन्सिल आणि कड यांच्यातली फट फिरताना दोन मिलिमीटरपेक्षा जास्त कमी-अधिक होत असेल तर रिम वाकडी.

आता वजनाबद्दल, कारण तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट चाकांची नाहीच, ‘साडेपाचशेच्या आसपास’ हा अंदाज आहे. ८०० गाडी पूर्ण भरल्यावर साधारण १००० किलोची. त्यातलं मागच्या अ‍ॅक्सलवर अर्ध्याच्या आसपास, म्हणजे पाचशे किलो धरा. तुमच्या ट्रेलरला मात्र एकच अ‍ॅक्सल आहे. साडेपाचशेपैकी दहा टक्के, पंचावन्न किलो, बोलेरोच्या बॉल हिचवर, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या मागच्या गोळ्यावर, आलं तर अ‍ॅक्सलवर ४९५ राहतं. अगदी काठावर. अंदाज पन्नास किलोंनी चुकला तर अ‍ॅक्सल ओव्हरलोड, आणि घरी केलेल्या केबिनचा अंदाज नेहमी खालच्या बाजूलाच चुकतो. प्लायवूडला लावलेला सरस, स्क्रू, रंग, बिजागऱ्या, पडदे यांचं वजन कुणी धरत नाही. पाण्याची चाळीस लिटरची टाकी चाळीस किलोची. इन्व्हर्टरची १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी ठेवायचा विचार असेल तर ती एकटी पन्नास-साठ किलो. पाणी भंडारदऱ्याला पोहोचल्यावर भरा, बॅटरी लहान लिथियमची घ्या.

आणि वजन करा. केबिन झाल्यावर, गादी, भांडी, स्टेपनी, गॅस, सगळं आत ठेवून. कळंबोलीला किंवा तळोजा एमआयडीसीच्या बाजूला ट्रकचे वजनकाटे पावलोपावली आहेत, पण ते दहा-वीस किलोंच्या टप्प्याने मोजतात. भंगारवाल्याचा प्लॅटफॉर्म काटा जास्त उपयोगी. एका बाजूचं चाक काट्यावर, दुसऱ्या बाजूचं काट्याच्याच उंचीच्या फळीवर, कपलिंग (ट्रेलरचं त्या गोळ्यावर बसणारं तोंड) नेहमीच्या उंचीला टेकवलेलं. मग बाजू बदला. किचन एका बाजूला असेल तर डाव्या-उजव्या चाकात वीस-तीस किलोंचा फरक सहज निघतो. टायर निवडताना जास्त ओझ्याचं चाक धरायचं. नाकावरचं, म्हणजे कपलिंगवर येणारं, वजन मोजायला घरचा माणसांचा काटा आणि कपलिंगच्या उंचीचा एक लाकडी ठोकळा पुरतो. ते दहा टक्क्यांपेक्षा बरंच कमी आलं तर ट्रेलर वेगात डावी-उजवीकडे झुलायला लागतो. तेव्हा चाकं बदलून काही होणार नाही, सामान पुढे सरकवा.

टायरचा हिशेब मग सोपा आहे. जड चाकावर समजा २६० किलो आले. त्यावर चौथाई जास्त धरा, म्हणजे ३२५. टायरच्या बाजूवर मापानंतर जो आकडा असतो तो भार निर्देशांक: ६९ म्हणजे ३२५ किलो, ७४ म्हणजे ३७५. ८००चं मूळ टायर १४५/७० आर १२, निर्देशांक ६९. चालेल, पण मार्जिन तिथेच संपलं. त्याच १२ इंची रिमवर अल्टोचं १४५/८० आर १२ बसतं, निर्देशांक ७४, आणि व्यास जवळजवळ तीन सेंटिमीटर मोठा. तेच घ्या. ठाण्यात कुठल्याही टायरच्या दुकानात मिळतं, आणि घोटीलाही मिळेल. मालवाहू गाड्यांचं १४५ आर १२ एलटी कुणी सुचवलं तर गरज नाही. त्याच्या कडक भिंती तुमच्या वजनाला दबणार नाहीत, बोलेरोच्या टायरसारखंच होईल.

टायर नवीन घ्या, रिम जुनी चालेल. ट्रेलर वर्षातले बहुतेक दिवस सोसायटीच्या आवारात एकाच जागी उभा असतो, त्याचं टायर घासून संपत नाही, उन्हाने आणि वयाने संपतं. घेताना बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३२४ असेल तर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेलं. नक्षी कितीही शाबूत असली तरी सहा वर्षांनी बदला.

‘एवढीशी चाकं खड्ड्यांत काय टिकणार’ हा तुमचा प्रश्न रास्त आहे. गायमुखचा रस्ता पावसात कसा होतो ते आपण सगळे जाणतो. लहान चाक खड्ड्यात खोल उतरतं, हे खरंच. पण ८०० आणि अल्टो याच रस्त्यांवर, याच चाकांवर, चार-पाच माणसं घेऊन वर्षानुवर्षं धावल्या आहेत. लहान चाक जास्त फिरतं, म्हणून दुसरी शंका बेअरिंगची घेतली जाते. १४५/८० आर १२ एका किलोमीटरला साधारण ५९३ फेरे मारतं, बोलेरोचं चाक ४५२. तासाला साठच्या वेगाने मिनिटाला तेवढेच फेरे. हे बेअरिंग ८००च्या वेगांसाठीच बनलेलं आहे, त्याला साठचा वेग जड नाही. चाकाला सांभाळणारी गोष्ट म्हणजे वेग, तो साठच्या आत ठेवा, आणि हवा. २८ ते ३० पीएसआयपासून सुरुवात करा. भरलेल्या ट्रेलरच्या टायरवर खडूची आडवी जाड रेघ ओढा आणि डांबरी रस्त्यावर सरळ थोडं अंतर ओढून न्या. रेघ मधोमध पुसली तर हवा जास्त, दोन्ही कडांना पुसली तर कमी, सारखी पुसली की तो आकडा मडगार्डवर लिहून ठेवा. मडगार्ड आणि टायरमध्ये भरलेल्या स्थितीत चार बोटं जागा राहिलीच पाहिजे, नाहीतर पहिल्याच मोठ्या खड्ड्यात टायर पत्र्याला घासेल.

हबबद्दल दोन गोष्टी, ज्या फॅब्रिकेटर सहसा सांगत नाहीत. पाट्यांच्या बैठका अ‍ॅक्सलला वेल्ड केल्या असतील, तेव्हा वेल्डिंग मशीनची अर्थची क्लिप कुठे लावली होती ते विचारा. ड्रमला किंवा चाकाला लावली असेल तर करंट बेअरिंगमधून गेला. गोळ्यांवर बारीक डाग पडतात आणि शे-दोनशे किलोमीटरमध्ये बेअरिंग घोंगावायला लागतं. तसं असो वा नसो, जुन्या अ‍ॅक्सलची बेअरिंग आणि ऑइल सील दोन्ही बाजूंची नवी टाका, खर्च फार नाही. दुसरं, कपलिंगच्या मध्यापासून डाव्या हबपर्यंत आणि उजव्या हबपर्यंत टेपने मोजा. दोन्ही अंतरं सारखी यायला हवीत, तीन मिलिमीटरपर्यंतचा फरक चालेल. त्याहून जास्त असेल तर अ‍ॅक्सल तिरकं बसलंय, ट्रेलर रस्त्यावर तिरका चालेल आणि नवी टायर एका कडेने खाल्ली जातील. ड्रममधले ब्रेक शू काढून टाकले असतील तर परत बसवा आणि हँडब्रेकची केबल ट्रेलरला एका लिव्हरपर्यंत आणा. धरणाच्या काठावर जागा कधी सपाट नसते, आणि तुमची मुलगी त्या ट्रेलरच्या आसपासच खेळणार आहे.

पंक्चरचंही तेच, ड्रायव्हरला कळत नाही. टायर रिमखाली चिंध्या होईपर्यंत ओढलं जातं. व्हॉल्व्हच्या टोपीच्या जागी लावायचे हवेचे सेन्सर आणि डॅशबोर्डवर ठेवायचा छोटा डिस्प्ले मिळतो. हा संच जरूर घ्या.

कागदपत्रांचा उल्लेख पत्रात नाही, म्हणून थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे आणि त्याची नोंदणी लागते. घरी केलेल्या ट्रेलरची नोंदणी सोपी नाही. केबिनवर आणखी खर्च करण्याआधी रेखाचित्र, अ‍ॅक्सल आणि टायरची मापं घेऊन ठाणे आरटीओत जाऊन या आणि नमुना चाचणीचं काय लागेल ते लेखी विचारा. बोलेरोला टो बार लावण्याबद्दल आणि विम्याबद्दलही त्याच फेरीत विचारून घ्या.

चाकं बसली की नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा, शेवटचा जोर टॉर्क रेंचने (किती जोर लागतोय ते दाखवणाऱ्या पान्याने), चाक हवेत नाही तर जमिनीवर टेकलेलं असताना. भंडारदऱ्याआधी एका रविवारी पहाटे, सगळं भरून, माजिवड्याहून नाशिक हायवेने भिवंडी बायपास ओलांडून परत या. वीसेक किलोमीटरवर थांबून दोन्ही हबना हाताचा मागचा भाग लावा. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर बेअरिंग जास्त आवळलेलं असू शकतं. पन्नास किलोमीटरला नट पुन्हा तपासा, आणि घरी आल्यावर पुन्हा एकदा. नवी बसवलेली चाकं पहिल्या फेरीत थोडी बैठक घेतातच.

स्टेपनी ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर कपलिंगच्या मागे बसवलीत तर नाकावरचं वजन पुन्हा मोजा, दहा-बारा किलोंनी ते बदलतं. आणि निघण्याआधी घरीच एका चाकाची हवा पूर्ण सोडून जॅक लावून पाहा. १२ इंची चाक बसलं की अ‍ॅक्सल इतकं खाली येतं की बोलेरोचा जॅक खाली शिरेलच असं नाही. शिरला नाही तर ८००चा कात्री जॅक आणि १९ चा पाना ट्रेलरमध्येच कायमचा ठेवा.